म्हणे, हजाराचं हेल्मेट म्हणजे डोक्यावरचं टोपलं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन महिन्यांनी फिरून येतो. सारांश असा: हजार-बाराशेचं हेल्मेट म्हणजे पोलिसाला दाखवायचं टोपलं. घ्यायचं तर पाच-सहा हजारांचं, नाहीतर घालूच नका. तसंही शहरात तीसच्या स्पीडला त्याची गरज नसते, हॉर्न ऐकू येत नाही, मान धरते, केस जातात ते वेगळंच. खाली जोडलेले हात. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्ती सुरू झाली तेव्हाही हीच कारणं ऐकली होती. किमतीचं शेपूट तेवढं नवीन आहे, म्हणून आधी तेच धरते.

१ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय मार्कशिवाय बनवता किंवा विकता येत नाही. त्यामागचं मानक आयएस ४१५१. त्यात हेल्मेट उंचावरून लोखंडी ऐरणीवर आपटतात आणि आतल्या नकली डोक्याला किती धक्का पोचला ते मोजतात. पट्टा ताणून बघतात, काचही तपासतात. हजाराच्या हेल्मेटला ही परीक्षा सोपी आणि पाच हजारांच्या हेल्मेटला अवघड, असं काही नसतं. वरचे पैसे हलक्या कवचाला, हवेच्या झरोक्यांना, दुहेरी काचेला आणि बऱ्याचदा नुसत्या चित्रांना जातात. काही महाग हेल्मेटं परदेशी मानकंही पार करतात. रोज हायवेवर जाणाऱ्याने ती जरूर घ्यावीत. पण कोथरूडहून स्वारगेटला जायला हजार-दीड हजारात वेगा (ही आपल्या बेळगावची), स्टड्स, स्टीलबर्ड यांची साधी, तोंड झाकणारी हेल्मेटं मिळतात.

मेसेजवाल्याचा घोळ बहुधा असा, की त्याने फुटपाथवर दोरीला टांगलेलं अडीचशेचं टोपलंही ‘स्वस्त’मध्येच धरलंय. ते टोपलंच आहे, मान्य. ओळखायला सोपं: आतलं अस्तर बोटाने बाजूला सारा. खाली टणक, सलग थर्माकोल हवा, जवळजवळ अंगठ्याच्या रुंदीचा. नुसता स्पंज लागला तर जागच्या जागी ठेवून द्या. आयएसआयचं स्टिकर खोटंही असतं, म्हणून त्याच्या खालचा सीएम/एलने सुरू होणारा नंबर मोबाईलवर, हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या.

आता ‘तीसच्या स्पीडला गरज नाही’. सिग्नलला उभ्या गाडीवरून आडवे पडलात, तरी दीड मीटर उंचीवरून खाली येणारं डोकं ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला लागतं. शाळेतलं गणित आहे. गाडीचा काटा शून्यावर असला तरी हे चुकत नाही. माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी पहिल्या पावसात, रस्त्यावर तेलाचा तवंग, स्पीड फार तर पंचवीस. कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबला आणि डावीकडून डोकं दुभाजकावर. अकराशेचं हेल्मेट. बाहेर रुपयाएवढा ओरखडा, बाकी काही नाही. घरी येऊन अस्तर काढलं तर आत थर्माकोल बशीसारखा दबलेला आणि त्यात केसाएवढी चीर. तो दबला म्हणून मी नाही दबले. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो असं निघालं. ‘नाहीतर घालूच नका’ हा सल्ला त्यापुढे ठेवून बघा.

हॉर्न ऐकू येत नाही म्हणे! पुण्यातले हॉर्न ऐकू येणार नाहीत असं हेल्मेट कोणी काढलंच, तर मी पाच काय, दहा हजार मोजीन.

मान धरते या तक्रारीत मात्र थोडं तथ्य आहे, पण दोष बहुतेकदा साइजचा. सव्वा किलोच्या आसपासचं वजन ढिलं होऊन हलत राहिलं तर मान त्याला सावरत बसते. मागच्या स्टिकरवर ५८०, ६०० असे आकडे असतात; तो डोक्याचा घेर, मिलिमीटरमध्ये. शिंप्याची टेप भुवयांच्या जरा वर धरून मोजा. हेल्मेट घालून पट्टा लावा आणि मान जोरात हलवा: गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. बायकांनी स्कार्फ बांधूनच घालून बघावं, आणि क्लचर काढून. क्लचर किंवा अंबाडा आत राहिला की हेल्मेट मागून उचललं जातं, कपाळ उघडं पडतं. वर क्लचरचे दात डोक्यातच. केस घामाने चिकटतात हे खरं. आत सुती रुमाल घाला, अस्तर निघत असेल तर पंधरवड्याला शांपूने धुवा.

पट्ट्याबद्दल त्या मेसेजमध्ये अक्षर नाही. खरी गोम तिथेच आहे. न लावलेला पट्टा असेल तर सहा हजारांचं हेल्मेटही डोक्याआधी रस्त्यावर पोचतं. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका आवळा. आणि हेल्मेट आरशावर अडकवू नका, आरशाची कड थर्माकोलमध्ये खड्डा पाडते.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, बाहेरून कितीही नवं दिसलं तरी, पुन्हा वापरायचं नाही. दबलेला थर्माकोल परत फुगत नाही. माझं ते अकराशेचं भंगारवाल्याला देताना मी त्याचा पट्टा कात्रीने कापून टाकला, कोणी उचलून डोक्यावर घालू नये म्हणून.