होय, मी त्या शरीरावर संशय घेते

परवा एका रीलखाली मी लिहिलं, "हे शरीर नुसत्या अंडी-चिकनवर झालेलं वाटत नाही. इंजेक्शनं घेत असशील तर पोरांना तसं सांग." तासाभरात लोक माझ्यावर तुटून पडले. काकू, जळताय का. काकू, आधी आरशात बघा. त्याची मेहनत दिसत नाही का तुम्हाला. तिथं चार ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहितेय. तो मुलगा कोण ते सांगणार नाही. आपल्याच भागातला आहे, बोलतो छान, आईच्या पाया पडतानाचे व्हिडिओ टाकतो. 4,999 रुपयांना 'ट्रान्सफॉर्मेशन प्लॅन' विकतो, आणि "मी शंभर टक्के नॅचरल आहे" असं दर दोन दिवसांनी सांगतो.

मी कराडला 22 वर्षं मेडिकल चालवते. ही पोस्ट त्या काउंटरच्या आतून लिहिलेली आहे.

गेल्या महिन्यात रात्री साडेआठच्या सुमाराला एक पोरगा दुकानाबाहेर घुटमळत होता. आत गिऱ्हाईक होतं तोवर मोबाईल बघत राहिला, दुकान रिकामं झाल्यावर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, दोन एमएलच्या सिरिंजा द्या पाच." मी विचारलं कुणासाठी, तर म्हणे गाईला. अंगात जिमचा बनियन, खांद्यावर मोठमोठ्या पिकलेल्या पुळ्या, कपाळावर घाम. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी घाम. काउंटरवर ठेवलेला हात थरथरत होता. मी त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि बीपी घेतलं. 168 आणि 104. नाडी 120 च्या वर. वय विचारलं तर वीस.

पाणी दिलं, पाच मिनिटं काही बोलले नाही. मग त्यानंच बॅगेतून वायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली, काढून दाखवली. मेफेंटरमिन. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पेशंटचं बीपी एकदम खाली गेलं तर ते वर आणायला भूलतज्ज्ञ हे वापरतात. तिथं पेशंटला मॉनिटर लावलेला असतो, डॉक्टर उशाशी उभा असतो. हा पोरगा ते जिमच्या बाथरूममध्ये स्वतःच टोचून घेत होता. व्यायामाआधी घेतलं की अंगात वारं शिरल्यासारखं होतं, थकवा कळत नाही, म्हणून. चिठ्ठीशिवाय हे औषध विकताच येत नाही. कुठून आणलं विचारल्यावर मान खाली घातली. दंडात टोचायचा स्टेरॉइडचा, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या हार्मोनांचा, 'कोर्स' वेगळा चालू होता, तोही दोन महिने.

मी विचारलं, का रे बाळा? त्यानं मोबाईल पुढं केला. स्क्रीनवर तोच, आपला रीलवाला. म्हणाला, "काकू, यांचा प्लॅन मी सहा महिने केला. एक दिवस चुकवला नाही. काहीच झालं नाही. सरांना मेसेज केला, तर म्हणाले तुझ्यात शिस्त कमी आहे."

शिस्त कमी आहे. पहाटे पाचला उठून म्हशीच्या धारा काढणारा, मग कॉलेज, मग जिम करणारा पोरगा, त्याला कुणीतरी सांगतो तुझ्यात शिस्त कमी, आणि तो विश्वास ठेवतो. ते ऐकल्यापासून माझा राग शांत झालेला नाही.

आता सांगते, संशय का घेते. अमेरिकेत टेक्सासमध्ये ब्रायन जॉन्सन नावाचा माणूस आहे, 'लिव्हर किंग' या नावानं ओळखला जातो. (म्हातारपण थोपवायला निघालेला तो दुसरा ब्रायन जॉन्सन, हा नव्हे.) छातीपर्यंत दाढी, कायम उघडा, दगडातून कोरल्यासारखं अंग. 2021 पासून तो कॅमेऱ्यासमोर बैलाचं कच्चं काळीज (म्हणजे लिव्हर), वृषण असलं खाताना दिसू लागला. आपले पूर्वज असंच खायचे, असंच राहायचे, म्हणून माझं शरीर असं आहे, हे त्याचं सांगणं. वाळवलेल्या काळजाच्या कॅप्सूल विकणारी त्याची कंपनी. स्टेरॉइड घेतोस का, असं त्याला मुलाखतींत तोंडावर विचारलं जायचं आणि तो साफ नाही म्हणायचा. जे लोक म्हणत होते की पंचेचाळिशीच्या माणसाचं असं अंग नुसत्या काळजानं होत नाही, त्यांनाही हेच ऐकावं लागायचं: जळताय.

2022 च्या नोव्हेंबरात डेरेक नावाच्या यूट्यूबरनं त्याचे ईमेल बाहेर काढले. नुसत्या ग्रोथ हार्मोनवर महिन्याला सुमारे 11,000 डॉलर खर्च होत होते. तेव्हाच्या दरानं जवळजवळ 9 लाख रुपये. दर महिन्याला! डिसेंबर उजाडताच त्याला व्हिडिओ टाकून कबूल करावं लागलं की मी खोटं बोललो, मी हार्मोन घेतो.

काळजाबद्दल माझी काही तक्रार नाही. अंगात रक्त कमी असलं की कलेजी खायला घाला हे आपल्या म्हाताऱ्याही सांगायच्या, आणि त्यात लोह भरपूर असतं हे खरंच आहे. पण ज्यांनी त्या कॅप्सूल घेतल्या ते लोह घेत नव्हते. त्या छातीच्या फोटोसाठी पैसे मोजत होते, आणि तो फोटो दुसऱ्याच बाटलीतून आला होता.

"मेहनत दिसत नाही का?" म्हणणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा. 1996 साली डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 43 निरोगी पुरुष घेतले. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, टोचलं, काहींना औषध नसलेलं खोटं इंजेक्शन. दोन्हीकडच्या निम्म्यांना वजनं उचलायला लावली, निम्म्यांना व्यायाम बंद. खोटं इंजेक्शन घेऊन मन लावून व्यायाम केलेल्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे 2 किलोनं वाढलं. आणि ज्यांनी खरं इंजेक्शन घेऊन अजिबात व्यायाम केला नाही, त्यांचं सुमारे 3 किलोनं. बसून राहिलेले घाम गाळणाऱ्यांच्या पुढं गेले. इंजेक्शन आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांचं वाढलं 6 किलोच्या आसपास.

रीलवाला मेहनत करत नाही असं मी म्हणतच नाही. करत असणार. पण इंजेक्शन घेऊन कुणी 6 किलो कमावले आणि 2 किलोवाल्या पोराला म्हटलं तुझ्यात शिस्त कमी आहे, तर ती फसवणूक आहे. प्लॅनचे 4,999 गेले ते गेलेच, वर पोराचा स्वतःवरचा विश्वासही गेला. आणि मग तो माझ्या दारात सिरिंजा मागत उभा राहतो.

फोटोवरून खात्रीनं काही सांगता येतं का? नाही, आणि मी तसा दावा करत नाही. 1995 मध्ये काही संशोधकांनी स्टेरॉइड घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या खेळाडूंची मोजमापं घेतली. चरबी वजा केलेलं वजन किलोत, त्याला उंचीच्या वर्गानं, मीटरमध्ये, भागायचं. न घेणाऱ्यांचा आकडा साधारण 25 पर्यंत येऊन थांबत होता, घेणाऱ्यांतले बरेच जण त्याच्या वर गेलेले होते. एखादा निसर्गानंच जास्त देऊन पाठवलेला असतो, त्यामुळे ही काही कोर्टातली साक्ष नव्हे. पण प्रश्न विचारायला एवढा आधार पुरेसा आहे. त्या संशोधकांमध्ये हॅरिसन पोप नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. भरदार अंगाची माणसं आरशात स्वतःला काटकुळी समजतात, त्या आजाराचा अभ्यासही त्यांनीच केला. माझ्या स्टुलावर बसलेल्या पोराचा दंड माझ्या मांडीएवढा होता. आणि तो मला सांगत होता, "काकू, माझं काहीच झालेलं नाही."

आमच्या शेजारीच गोळेश्वर आहे. खाशाबा जाधवांचं गाव. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगट होता 57 किलोचा. त्यांचे जुने फोटो बघा, बुटका, सडसडीत माणूस. आजच्या रीलच्या हिशेबानं त्यांचंही "काहीच झालेलं नाही". माझे आजोबा तालमीत जायचे. त्यांच्या पोटावर कधी सहा चौकोन दिसले नाहीत, पोट चांगलं गोल होतं. पण दोन्ही कान मोडून फुलकोबीसारखे झालेले. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायची, आत गोटीसारखं कडक लागायचं. तालमी आजही सगळ्या निर्मळ आहेत असं मी म्हणणार नाही, तिथली पोरंही माझ्याकडे येतात. पण तो कान टोचून मिळत नव्हता.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही ऐकवायची आहे. आमच्या ओळखीतली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. गोळाफेकीचा सराव करतानाचा एक व्हिडिओ तिनं टाकला. खांदे रुंद आहेत तिचे, शेतात राबलेली आहे. खाली लोकांनी काय लिहिलं असेल? पोरगा आहे का. इंजेक्शन घेतेस का. मिशी दाखव. ती आठ दिवस मैदानावर गेली नाही. रीलखालच्या माझ्या त्या कमेंटला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी दोघांची नावं मला तिथंही दिसली. तिनं कुणाला प्लॅन विकला नव्हता, पावडर विकली नव्हती, मी कशी झाले पाहा म्हणून कुणाचे पैसे घेतले नव्हते. तिच्या खांद्यांचा हिशेब मागायचा तुम्हाला अधिकार नाही, आणि तसाच तो जिममधल्या एखाद्या गप्प पोराचाही नाही. मी प्रश्न विचारला तो "माझ्यासारखं व्हायचं असेल तर पैसे भरा" म्हणणाऱ्याला. तो माल विकतोय, आणि शरीर ही त्याच्या मालाची जाहिरात आहे. माझ्या दुकानातल्या खोकल्याच्या बाटलीवरसुद्धा आत काय आहे ते छापावं लागतं.

त्या रीलवाल्याला, हे वाचत असशील तर: काही घेत नसशील तर मी जाहीर माफी मागायला तयार आहे, माझ्या याच भिंतीवर. घेत असशील तर तुला शिव्या घालायला मी येणार नाही. पण आपलं बीपी मोजून घे, रक्त तपासून घे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वीर्य आटतं, चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, हृदयावर ताण पडतो. हे तुला तुझ्या 'कोर्स'वाल्यानं सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

तो पोरगा आता डॉक्टरांकडे जातोय. सिरिंजा मी दिल्या नाहीत. वायल त्यानं स्वतःच काउंटरवर ठेवली आणि गेला. घरी आईला अजून सांगितलेलं नाही, सांगायला मी सोबत येते म्हटलंय. अजून हो म्हणत नाही, पण दर गुरुवारी बीपी मोजायला येतो. परवा 138 आणि 88 होतं.

असा कुणी तुमच्या घरात असेल तर पाठवा. दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं, बीपी मोजायचे पैसे मी घेत नाही, आणि नाव लिहून ठेवत नाही.