समाजमाध्यमांवर खाते असताना स्वतःचे संकेतस्थळ कशाला?

‘फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर पान असले की पुरते, स्वतःच्या संकेतस्थळासाठी प्रोग्रामिंग यावे लागते, दरमहा पैसे मोजावे लागतात आणि देखभाल कधी संपत नाही,’ असा सल्ला लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींना वारंवार दिला जातो. त्यातले एकही विधान स्थिर संकेतस्थळाला, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या पानांच्या संकेतस्थळाला, लागू पडत नाही.

पान पुरते, हे विधान सर्वांत घातक आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. आणि २०१५ पर्यंत चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गमावल्याचे मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये मान्य केले. वाचक समाजमाध्यमांवर असतात हे खरेच आहे. म्हणून तिथे दुवा जरूर द्यावा, पण मूळ लेखन आपल्या पत्त्यावर असावे.

प्रोग्रामिंगचे म्हणाल तर एचटीएमएल ही मजकुरावर खुणा करण्याची पद्धत आहे. शीर्षक, परिच्छेद, दुवा आणि चित्र यांच्या खुणा शिकल्या की पहिले पान उभे राहते. पाने वाढली की मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहून ह्यूगो किंवा जेकिल या पाने तयार करणाऱ्या प्रोग्रामांकडून ती बनवून घेता येतात. दहा पानांसाठी मात्र तेवढ्याचीही गरज नसते.

खर्चाचा मुद्दा लहान आहे. गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेवर एक जीबीपर्यंतचे संकेतस्थळ विनामूल्य ठेवता येते, तिथे वाचकाशी होणारी जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्रालाही पैसे पडत नाहीत. उरते ते स्वतःच्या डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यातल्या नावाचे, वार्षिक शुल्क, तेही स्वतःचे नाव हवे असेल तरच.

देखभालीचा आक्षेप वर्डप्रेससारख्या व्यवस्थांवरून आला असावा. तिथे पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा, मजकूर साठवणारा डेटाबेस आणि प्लगइन म्हणजे जोड-प्रोग्राम या सगळ्यांच्या आवृत्त्या सांभाळाव्या लागतात, कारण पान मागितले जाताना सर्व्हरवर प्रोग्राम चालतो. स्थिर संकेतस्थळात तयार फाइल उचलून दिली जाते, एवढेच; म्हणूनच वेबचा जन्म झाला त्या सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतल्या आरंभीच्या पानांची जतन केलेली प्रत आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येते. काळजी घ्यायची ती वेगळ्या ठिकाणी: डोमेनची नोंदणी संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे तर आपल्या नावावर हवी, तिचे नूतनीकरण चुकता कामा नये, एकदा दिलेला पत्ता बदलू नये आणि सर्व फाइलींची प्रत आपल्या संगणकावर असावी.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची समान संकेतपद्धती रुळण्यापूर्वीची कित्येक मराठी पाने विशिष्ट फाँटवर विसंबून होती, आणि तो फाँट नसला की आज तिथे निरर्थक अक्षरांची रांग दिसते. त्यामुळे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय चढवू नये. दुसरे म्हणजे, पानाच्या सुरुवातीच्या खुणेत भाषा मराठी असल्याचे नोंदवावे. तसे केले, आणि फाँटमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे उमटतात.