खुलासा : दाखला किंवा आधार नाही म्हणून शाळाप्रवेश नाकारता येत नाही

‘टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणि आधार कार्ड असल्याशिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलांना कारखान्याजवळच्या शाळेत घेणार नाहीत’ हा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 5 सांगते की दाखला यायला उशीर झाला, तरी त्या कारणाने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाच्या पुराव्याबद्दल कलम 14 मध्ये हेच आहे. जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीतली नोंद किंवा पालकांचे वयाबाबतचे घोषणापत्र चालते. वर्ग वयानुसारच मिळतो. आधारची सक्ती शाळाप्रवेशासाठी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

गैरसमज होतो, कारण शिक्षकांची संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर होतात ते) आधार पडताळलेल्या पटावर ठरते, म्हणून शाळा आधारचा आग्रह धरतात. त्यांची अडचण खरी आहे, पण आधार प्रवेशानंतरही काढता येते.

गाव सोडताना मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाचे शिक्षण दुसऱ्या शाळेत पुढे सुरू राहावे म्हणून दिले जाणारे पत्रक) जरूर घ्या. हे पत्रक घ्यायचे राहिले तरी मूल शाळेत न्याच. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. तो वाचून पालक मुलांना फडावरच ठेवतात.