वारा येणार म्हणून वीज गेली

आमच्या इचलकरंजीला आधी वारा सुटायचा, मग वीज जायची. इकडे कॅलिफोर्नियात क्रम उलटा. परवा वारा सुटणार असं हवामान खातं सांगतं, आणि वीज कंपनी वाऱ्याच्या आधीच वीज घालवून मोकळी होते.

तक्रार करायलाही तोंड नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये विजेच्या टॉवरवरचा एक जुनाट, झिजलेला आकडा तुटला, ठिणगी पडली आणि पॅरडाइज नावाचं अख्खं गाव जळालं. 85 माणसं गेली. त्यामुळे ऑक्टोबरातला कोरडा वारा डोंगरावरून खाली येणार म्हटलं की तारांमधली वीजच काढून घेतात. पटतं. पण 2019 साली त्यांनी ऐन दिवाळीचा शनिवार गाठला, ते कसं पटावं?

आम्ही ओरिंडाला राहतो. टेकड्या, ओक, वाळलेलं गवत. घर घेताना याच गोष्टींचे जास्त पैसे मोजले होते. सासूबाई दिवाळीला आल्या होत्या. चकलीचा दुसरा घाणा तेलात सोडला आणि विजेची शेगडी गेली. तेल तापलेलं होतं तोवर चकल्या फुगल्या, मग हळूहळू तेल पीत बसल्या.

"अगं, छपरावर एवढं सोलर आहे ना तुमच्याकडे? उद्या ऊन पडलं की तळू."

इथे माझ्या नवऱ्याने घसा खाकरला. ग्रिड, म्हणजे कंपनीच्या तारांतली वीज, बंद पडलं की सोलरही आपोआप बंद होतं. आपली वीज तारेत शिरून दुरुस्तीवाल्याला झटका बसू नये म्हणून. घरात बॅटरी असेल तरच ते चालतं, आणि बॅटरी पुढच्या वर्षी घेऊ असं ठरलं होतं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे वीज असली की वीज देतं," एवढंच म्हणाल्या.

गॅरेजचं दार विजेवर. लाल दोरी ओढून ते हाताने उचलता येतं, हे आम्हाला फोनवर पाहून कळलं. मग फोनची बॅटरी संपत आली. फ्रीज उघडला नाही तर चार तास गार राहतो. सासूबाई तो गार आहे ना, हे दर अर्ध्या तासाने उघडून बघत होत्या. रस्त्यापलीकडचं घर वेगळ्या लाइनवर, तिथे लखलखाट. आमच्या शेजाऱ्याचा जनरेटर रात्रभर असा काही धडधडत होता की तोच वादळ वाटावा.

रविवारी लक्ष्मीपूजन. सासूबाईंनी पणत्या काढल्या, वाती केल्या आणि दाराबाहेर ओळ मांडायला निघाल्या. नवरा आडवा आला. एक ठिणगी पडू नये म्हणून लाखो घरं अंधारात बसवलेली, बाहेर पाचोळा उडवणारा वारा, आणि आपण अंगणात उघड्या ज्योती लावणार?

"मग सेलवरच्या लाव," तो मला म्हणाला.

"आई, चालतील?" मी सासूबाईंना विचारलं.

"प्लॅस्टिकच्या पणतीला लक्ष्मी येते होय!"

शेवटी खऱ्या पणत्या लागल्या त्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सिंकमध्ये, नळाखाली. पूजेचं ताट भांडी घासायच्या ओट्यावर. नवरा सगळा वेळ नळाच्या चावीवर हात ठेवून उभा. आरती त्याने तशीच म्हटली.

वारा पडला तरी वीज लगेच येत नाही. एकेक तार उजेडी तपासून मगच सोडतात, कुठे हेलिकॉप्टरमधून, कुठे पायी. सासूबाईंना काही हे झेपेना. "आमचा वायरमन शिडी लावून दहा मिनिटांत फ्यूज टाकून जायचा. हेलिकॉप्टर कसलं?"

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा मेसेज: मंगळवारी पुन्हा वारा आहे, पुन्हा वीज जाण्याची शक्यता.

"मंगळवारी भाऊबीज," सासूबाई म्हणाल्या. "ही माणसं पंचांग बघूनच वीज घालवतात की काय गं?"