मोठ्या झूमपेक्षा क्लिक खरं हवं
बजेट कमी असलं तरी लांब पल्ल्यासाठी रायफलीवर ६-२४ चाच (६ ते २४ पट झूमचा) स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घ्या, असा सल्ला एका लेखात वाचला; मला तो अजिबात पटला नाही. मी कोलोराडोत राहतो, एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीच्या सीझनला जातो. जनावर दिसतं ते बहुतेक वेळा पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. ५० मिमीच्या भिंगाला २४ पट झूम लावलं की डोळ्यापर्यंत जेमतेम २ मिमी रुंदीचा प्रकाशझोत पोचतो, सगळं काळपट दिसतं. १० पटीला तोच ५ मिमी. एल्कएवढ्या धुडाला ४०० यार्डांवर १० पट भरपूर झाली.

स्वस्त स्कोप खरा मार खातो तो टरेटमध्ये, म्हणजे एकेका क्लिकने फिरवून नेम वर-खाली करायच्या बटणात. नवा स्कोप बसवला की १०० यार्डांवर उंच कागद लावा, ओळंबा धरून उभी रेघ मारा आणि खालच्या खुणेवर गोळी झाडा. मग टरेट २० एमओए (कोनाचं माप; १०० यार्डांवर १ एमओए म्हणजे साधारण १.०५ इंच) वरच्या दिशेने फिरवून नेम त्याच खुणेवर धरा. दुसरं छिद्र पहिल्याच्या २०.९ इंच वर पडायला हवं. अठराच भरले तर सरळ परत करा. क्लिक खोटं निघालं की जनावर जखमी होऊन रानात तडफडतं, आणि ते बघवत नाही हो.

स्कोप रायफलीवर बसवायच्या रिंग-बेसवर कंजुषी नको. झूमवर वाचलेले पैसे रेंजफाइंडरला (अंतर मोजायच्या यंत्राला) ठेवा. ४०० यार्ड समजून मारलं आणि अंतर ४५० निघालं, तर .३०-०६ (रायफलीच्या काडतुसाचा एक प्रकार) ची गोळी फूटभर खाली लागते.