विजयदुर्ग, हेलियम आणि तीस वर्षं आधी पोचलेला साहेब

दर ऑगस्टात येतो तो मेसेज यंदाही आमच्या घरच्या ग्रुपवर आला. काकांनी टाकला, खाली सोळा जणांनी हात जोडले. मी गप्प बसणार होतो. पण तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, तिने त्यावरूनच शाळेतलं भाषण पाठ केलं होतं आणि मला म्हणून दाखवायचं होतं. पोरीने सुरेख म्हटलं. फक्त त्यातलं जवळजवळ काहीच खरं नव्हतं.

मेसेज थोडक्यात असा: नॉर्मन लॉकियर हा ब्रिटिश इंजिनिअर व खगोलशास्त्रज्ञ १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्ग किल्ल्यावर आला. तिथून खग्रास सूर्यग्रहण पाहताना त्याने हेलियम शोधला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ हा त्याचा पुरावा. आणि इंग्रजांनी विजयदुर्गाचं नाव इतिहासातून मुद्दाम पुसलं.

इंजिनिअर? लॉकियर लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता. दिवसा कागद, रात्री दुर्बीण. हे सोडून देऊ.

न सोडण्यासारखी गोष्ट पुढची आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच, इंग्लंडात होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला ग्रहणाशिवाय, रोजच्या उन्हात बघता येतील असं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी लागणारा वर्णपटदर्शक, म्हणजे उजेडाचे रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, त्याने बनवायला दिला होता आणि तो बनवणाऱ्याकडे रखडला होता. यंत्र हातात पडलं १६ ऑक्टोबरला. २० ऑक्टोबरला, म्हणजे ग्रहण उलटून दोन महिने झाल्यावर, त्याने घरच्या दुर्बिणीला ते जोडून ज्वालांच्या तेजस्वी रेघा पाहिल्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागीच पडतात, त्यावरून ते ओळखता येतं. त्यात एक पिवळी रेघ होती, तीच पुढे हेलियमची ठरली.

आता या माणसाचं मोठेपण कशात आहे ते बघा. ग्रहणाची वाट बघायची गरज नाही, हे त्याने दाखवलं! आणि आपण त्यालाच ग्रहण बघायला कोकणात आणून बसवतो. त्याने जे केलं तेच पुसायचं आणि न केलेलं त्याच्या नावावर घालायचं, हा कसला गौरव? शिवाय कोकणात ऑगस्ट म्हणजे काय असतं हे देवगडच्या माणसाला मी सांगायला हवं का? काका स्वतः तिकडचे आहेत. त्या महिन्यात सूर्य दिसला तर बायका घाईघाईने वाळवण बाहेर काढतात, आणि साहेब म्हणे सातासमुद्रापलीकडून दुर्बीण घेऊन तिथेच येणार.

सावली कोकणातून गेली, एवढं कबूल. पण वेध घेणारे बहुतेक घाट ओलांडून आत गेले होते. फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. ज्वालांच्या रेघा त्याला इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पुन्हा पाहिल्या. त्याचं पत्र आणि लॉकियरचा निबंध पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला पोचले, म्हणून दोघांची नावं कायमची जोडली गेली. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला होता. आणि मेसेजवाल्यांना इंजिनिअरच हवा असेल तर तोही आहे, जमखंडीला. पटवर्धनांच्या जमखंडीला! लेफ्टनंट जॉन हर्शेल, रॉयल इंजिनिअर्सचा अधिकारी, नोकरी त्रिकोणमितीय सर्वेक्षणात, आजोबा युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल. ढगांनी त्याला रडवलं, पण मध्येच आभाळ फाटलं आणि त्याला तीन रेघा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. ती नारिंगी आपल्या यंत्राला कळतं तेवढ्यापुरती सोडियमच्या जागीच आहे, असं त्याने कळवलं. म्हणजे हेलियमची रेघ त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि ओळख पटली नाही. यात त्याची काही चूक म्हणता येणार नाही. सोडियमची जोडरेघ ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, हेलियमची ५८७.६ वर. ढगांतून चोरून मिळालेल्या क्षणांत एवढा फरक कोण पकडणार?

म्हणून ‘ग्रहण पाहताना शोध लागला’ हेही चूक. रेघ सोडियमची नाही, हे लॉकियरला निवांत, पुन्हा पुन्हा बघून ठरवता आलं. मग रसायनज्ञ फ्रँकलंडला सोबत घेऊन ती हायड्रोजनची आहे का हे प्रयोगशाळेत तपासलं. जमेना, तेव्हा नवा पदार्थ असावा असं म्हटलं. हेलियम हे नाव जाहीरपणे आलं १८७१ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनच्या एडिंबरोच्या भाषणात. तरी शंका घेणारे पुष्कळ होते. शेवटी १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला क्लीव्हाइट नावाच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली, तेव्हा कुठे तोंडं बंद झाली.

आता ओटे. इथे मला थोडी माघार घ्यावी लागते, आणि ती मी कुरकुरतच घेतो. लॉकियर विजयदुर्गाला खरंच आला होता. पण १८९८ मध्ये! २२ जानेवारीच्या खग्रास ग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर तिथे तळ ठोकून होता, आणि ‘मेलपोमीनी’ या युद्धनौकेवरचे अधिकारी-खलाशी त्याच्या दुर्बिणी मांडायला आणि वेध घ्यायला मदतीला होते. जड उपकरणांना पक्का चौथरा लागतोच. तेव्हा ओटे त्या वेळचे, हेच मला पटतं. म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं, फक्त मेसेजने त्याला तीस वर्षं आधी पोचवलं. १८९८ मध्ये हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाली होती.

नाव पुसल्याच्या रडगाण्याला तर एकच उत्तर पुरे आहे. या मोहिमेचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापला गेला आणि त्याच्या मथळ्यातच ‘विझियाद्रुग येथील निरीक्षणे’ असं आहे. उच्चाराची वाट लावली आहे, मान्य. पण पुसायचं असतं तर मथळ्यात कोण घालतं?

उलट आपणच काय विसरलो ते बघा. त्याच ग्रहणाला करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन उभे होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही जेऊरलाच होती. नायगमवालांनी त्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला. त्यांच्यावर एकही मेसेज मला आजवर आलेला नाही.

भाचीचं भाषण आम्ही दोघांनी बसून बदललं. हर्शेल आणि जेऊर घातलं, ओटे ठेवले, वर्ष सुधारलं. काकांचं म्हणणं, मग विजयदुर्गावर १८ ऑगस्टला होणारा हेलियमचा कार्यक्रम बंद करायचा का? बंद कशाला, काका, २२ जानेवारीला करा. आभाळ मोकळं असतं, आंब्याला मोहर असतो आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर शेवाळही नसतं.