‘जखम उघडी ठेवा, सुकू द्या’ हा सल्ला मधुमेहींचा घात करतो

मधुमेहींसाठी म्हणून एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जातोय. त्याचा गोषवारा असा: ‘पायाला जखम झाली तर पट्टी बांधू नका, हवा लागू द्या, खपली धरली की जखम भरली. दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही. साखर आटोक्यात आणा, जखम आपोआप भरेल. तरीही भरली नाही तर मधुमेहात पाय कापावाच लागतो.’ यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही. आणि जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी, ती यात आलेलीच नाही.

हवेचा मुद्दा आधी घेऊ. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं, की पातळ प्लास्टिकखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. नव्या पेशी ओलाव्यावरून सरकतात. खपली आली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. म्हणून जखम झाकायची, ड्रेसिंग ठरल्या वेळी बदलायचं. रक्तपुरवठा तुटून काळं, कोरडं पडलेलं बोट मात्र वेगळं. ते भिजवायचं नसतं, तातडीने डॉक्टरांना दाखवायचं असतं.

‘दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही’ हे सगळ्यात घातक वाक्य. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे वेदना नसणं हाच इथे धोक्याचा इशारा आहे. चवड्याखालचा घट्टा नीट पाहा. त्याच्या मधोमध काळपट-लालसर डाग दिसला तर आत रक्त साकळलेलं असतं. डॉक्टर तो घट्टा पात्याने थर-थर तासतात, तेव्हा खाली पोकळी निघते, कधी पू निघतो, तर कधी खोली तपासायला आत घातलेली सळई थेट हाडाला टेकते. आणि तो माणूस त्याच पायावर चालत दवाखान्यात आलेला असतो!

त्या मजकुरातून सुटलेली गोष्ट ती हीच: जखमेवरचा भार काढणं. ज्याला दुखतं तो आपसूक लंगडतो, दुखऱ्या जागेवर वजन टाकत नाही. बधिर पायाला ही सोय नसते. दिवसभरात आलेली कोवळी त्वचा प्रत्येक पावलागणिक चिरडली जाते. मग मलम कितीही महागडं असो, उपयोग काय? तळव्याच्या अशा जखमेसाठी गुडघ्याखालपर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधला पहिला पर्याय आहे. काढता येणारं साधन लोक घरात काढून ठेवतात, आणि घरातली पावलंही पावलंच असतात. मात्र गंभीर जंतुसंसर्ग असेल किंवा रक्तपुरवठा फारच कमी असेल, तर आधी त्यावर उपचार करावे लागतात.

साखरेबद्दल अर्धं सत्य आहे. साखर वाढलेली असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, जखमेतला दाह ओसरत नाही, म्हणून ती आटोक्यात हवीच. पण बंद झालेली रक्तवाहिनी साखर उतरल्याने उघडत नाही. शिवाय जंतुसंसर्गच साखर चढवतो. आधी साखर उतरू दे, मग जखमेचं पाहू, असं म्हणत बसलेला माणूस उलट्या टोकाने सुरुवात करतोय. रक्तपुरवठा तपासताना एक खाचही लक्षात ठेवा: मधुमेहात धमन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याजवळ मोजलेला दाब फसवा, चांगला दिसू शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजणं जास्त भरवशाचं.

राहिलं ‘पाय कापावाच लागतो’. नाही. भार काढला, मेलेला भाग साफ केला, जंतुसंसर्गावर वेळीच औषध दिलं आणि गरज पडली तिथे रक्तवाहिनी उघडली, तर बहुतेक जखमा भरतात. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर चालू उपचार पुन्हा तपासून बघायला सांगा. गप्प बसू नका. लालसरपणा पसरू लागला, वास किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. त्यामुळे प्लास्टर निघाल्यावरही रोज तळवा पाहायचा, दिसत नसेल तर आरशात. चपला-बूट घालण्याआधी आतून हात फिरवायचा. खडा, खिळ्याचं टोक, निघालेली शिवण पायाला कळणार नाही, हाताला कळेल. आणि अनवाणी घरातसुद्धा चालायचं नाही.